उभ्यानं ऐकलेला पियानो

न्हाई, तुम्हीच सांगा मला! सन दोन हजार चोवीस, श्रावण वद्य पंचमी, शनिवार, संध्याकाळचे सहा, पावसानं दडी मारलेली, उकाडा असा की सदरा पाठीला चिकटलेला, आणि मी, रखमाजी, वय चौऱ्याहत्तर, शिक्षण चौथी, एका मंगल कार्यालयात दारापाशी उभा. कशासाठी? लग्न न्हाई, बारसं न्हाई... पियानो ऐकायला! उभ्यानं! दोन तास! समोर खुर्च्या मांडलेल्या, बसायला कुणी अडवलं न्हाई, तरी उभा. का? पहारा म्हणजे पहारा.

मूळ भानगड आमच्या सप्त्याची. मस्तगडला आमच्या गल्लीतल्या मारुतीपुढं दर श्रावणात सप्ता बसतो. सात दिवस, सात रात्री वीणा खाली टेकवायची न्हाई. एकानं गळ्यात घालून दोन तास उभं राह्यचं, मंग दुसऱ्यानं. हा पहारा. पुढचा माणूस आल्याबिगर सुटका न्हाई. आणि तुमचा पहारा दुसऱ्यानं दिला, तर त्याचा तुम्ही द्यायचा, बराबर तितकाच. नारळ देऊन भागत न्हाई, चहा पाजून भागत न्हाई. तास घेतले, तास द्या. पन्नास वर्षांत रखमाजीवर कुणाचा तास चढला न्हाई!

गुरुवारी चढला.

संकष्टी होती, राजूरच्या गणपतीला गेल्तो. पहारा चारचा. दोनलाच काळी-पिवळीत बसलो, म्हणलं लई वेळ हाय. गाडी पंक्चर. स्टेपनी काढली, तीबी पंक्चर! ड्रायव्हर म्हणतो, "बाबा, पाच मिन्टं." पाच मिन्टं? देवळात पाय ठेवला तेव्हा सहा वाजलेले! बघतो तर माझ्या जागी, गळ्यात वीणा घालून, डोळे मिटून, अवधूत!

अवधूत कोण म्हणता? जगन्नाथ मास्तरांचा पोरगा. पोरगा कसला, चाळिशी उलटली. पुण्याची नोकरी सोडून आला तो ट्रकात पियानो घालून. मोंढ्यातल्या आठ हमालांनी दोर लावून माडीवर चढवला, अख्ख्या गल्लीनं त्यांच्या शिव्या ऐकल्या. तेव्हापासून सगळे त्याला येडाच म्हणतात. आणि का म्हणू नये? मे महिन्यात कानटोपी घालून हिंडतो! विचारलं तर म्हणतो, "काका, बाहेरचं फार आत शिरलं की आतलं पळून जातं." आणि हाच बाबा भंगारवाल्याच्या मागं वही घेऊन पळतो, "परत एकदा ओरड ना!" त्याची आरोळी लिहून घेतो. भंगारवाला माझ्यापाशी रडला, "चाचा, ये साब माल कुछ देते नहीं, खाली बुलाते रहते!"

तर असल्या माणसानं माझा पहारा दिलेला! माझ्या आधी भुजंग होता, तो पायरीवर पोटऱ्या चोळत बसलेला. म्हणतो, "रखमाजी, माझे पाय गेल्ते. हा दूध घेऊन चालल्ता, घातली गळ्यात. पण दोन तास हलला न्हाई येडा!" खरंच की हो, बोटाला दुधाची पिशवी तशीच लटकलेली.

घरी आलो तर आमच्या दुर्गाबाई तयारच.

"आता फेडा! पण त्याचं नाव कुठंय यादीत? कुणाचा पहारा देणार तुम्ही?"

"बघतो."

"काय बघता? रविवारी सकाळी तुमचा पहारा हाय. दुसऱ्याची उधारी अंगावर ठेवून वीणा घालणार गळ्यात?"

बाई बोलली ते बराबर होतं. मास्तरांची माडी चढलो. म्हणलं, "अवधूत, दोन तासांचं काम सांग. दळण आणतो, माडी झाडतो." त्यानं कानटोपी वर सरकवली न् म्हणला, "काका, शनिवारी सहा ते आठ माझा कार्यक्रम आहे. लोक येतात, पण उठून जातात. तुम्ही जाऊ नका."

बस. एवढंच. आता न्हाई कसं म्हणू?

गेलो. पहारा बसून देत न्हाईत, म्हणून दाराशी उभा राह्यलो. तर जो येतो तो मला राखणदार समजून राह्यला! एक म्हणतो, "बाबा, गाडी कुठं लावू?" एक बाई म्हणती, "बाथरूम कुठंय?" आमच्या गल्लीतला पप्पू बायको-लेकरं घेऊन आलेला, म्हणतो, "काका, इथं ड्युटी लागली का? पगार किती?" पहारा म्हणजे पहारा.

आणि सुरू झालं... अरे देवा! डावा हात एका गावाला, उजवा दुसऱ्या गावाला. मधेच थांबतो, पियानोकडं असा बघतो जसं त्यानंच काही चूक केली. मधेच उठतो, झाकण उचलून आत हात घालतो, जनावराच्या पोटातलं वासरू ओढावं तशी तार ओढतो. पप्पूचं लेकरू रडायला लागलं. पप्पू ओरडला, "दादा, एखादं ओळखीचं वाजवा की!" ह्यानं कोपरानं वाजवलं. पप्पू गेला. एक साहेब पहिल्या रांगेत डोळे मिटून मान डोलवत होते, "काय खोली आहे!" म्हणाले, फोटो काढला न् साडेसहाला गाडीत बसले. एवढी खोली होती तर बुडायचं की थोडं! न्हाई, त्यांना दुसरीकडं सत्कार होता. मंग काय, एक उठला की त्याच्या आडून तीन उठतात. सातला दहा डोकी. सव्वासातला दोन, त्यातलं एक झोपलेलं.

आता मी. कापसाच्या जिनिंग कारखान्यात चाळीस वर्षं फिटर होतो. पट्टा सरकला तर नुसत्या आवाजावरून सांगायचो. भजनात पखवाज माझ्याकडं. म्हणलं, उभंच राह्यचंय तर ह्याची चोरी पकडू. मांडीवर बोटानं ठेका धरला. म्हणलं, आता चुकतो... आता घसरतो... हे बघा, गेला, गेला! अन् न्हाई हो! कुठंकुठं भटकून, शेजाऱ्याच्या गच्चीवरून उडी मारून, बराबर माझ्या बोटाखाली येऊन उभा! परत गेला, परत आला. पट्टा सरकलेला, पण मशीन बंद पडत न्हाई, असं मी उभ्या आयुष्यात बघितलं न्हाई. आणि एकदा तर थांबलाच. सगळं बंद. जागा होता त्या एकानं टाळ्या वाजवल्या, झोपलेल्याला उठवलं, दोघंबी गेले. माझं बोट म्हणत होतं, संपलं न्हाई. एक... दोन... तीन... आणि चौथ्याला त्यानं अख्खा पंजा टाकला, माझ्या बोटासंगट! अंगावर काटा आला, खोटं का बोलू? भंगारवाल्याची आरोळी होती ती. आमच्याच गल्लीतली. रोज ऐकतो, शिव्या देतो, आणि ती अशी हाय हे ह्या येड्यानं सांगायचं?

आठ वाजले. दोन तास पुरे. कार्यालयाचा माणूस पंखे बंद करून राह्यला. हा वाजवतोच हाय! पण पुढचा माणूस कुठंय माझ्या जागी? कुणी न्हाई. मंग सोडणार कसा? गुडघे बोंबलून राह्यले, तरी उभा. पहारा म्हणजे पहारा!

आठ वीसला त्यानं झाकण लावलं, घड्याळ बघितलं.

"काका, वीस मिनिटं जास्त झाली."

"झाली."

"कसं वाटलं?"

"दोनदा घसरता घसरता वाचलास," म्हणलं, न् घरी आलो. दुर्गाबाईनं पायाला तेल चोळलं, तोंडाचा पट्टा चालूच.

रविवारी सकाळी सहाला वीणा गळ्यात घातली. साडेसहाला हा हजर. कानटोपी घालून, आंघोळ करून. हात पुढं केले. मी वीणा दिली न् कठड्याला टेकलो. त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं, डोळे मिटले. वीस मिन्टं झाली. वीणा माझ्या गळ्यात घातली न् गेला.

फिटलं.