नसरीनभाभींनी बसवलेली रॅम

आमच्या घरच्या कॉम्प्युटरचं सांगतो तुम्हाला. बायकोचा, सुनीताचा, पीएचडीचा प्रबंध त्यात होता. चार वर्षांची मेहनत, अन् दुसरीकडं कुठंच प्रत नव्हती. मशीन लई हळू चालायचं, म्हणून मी मोठ्या हुशारीनं नवी रॅम आणली आणि स्वतःच बसवली. बटण दाबलं तर पडदा काळा, अन् आतून नुसतं बीप, बीप.  

दुष्काळाचं वर्ष. खाली टँकर आलेला. रांगेत शेजारच्या नसरीनभाभी उभ्या होत्या. चितेगावच्या एका कारखान्यात त्या सर्किटं तपासायच्या. मी धावत जाऊन त्यांना सगळं सांगितलं.

"बीप लंबी है या छोटी?"

"लांब."

"मग रॅमचंच काहीतरी आहे. प्रबंध कुठं जात नाय. तुम्ही इथं माझे ड्रम भरा, मी वर जाते."

आठ दिवसांनी आलेलं पाणी माझ्या भरवशावर सोडून त्या गेल्या. ड्रम भरून मी वर आलो, तर पडद्यावर प्रबंध उघडलेला, अन् सुनीता रडत होती.

"चारी बाजूंनी बिल्डिंगा बांधतायत, त्याची सारी धूळ रॅमच्या खाचेत बसलीय," भाभी म्हणाल्या. "ब्रशनं झाडली, अन् टक आवाज येईपर्यंत रॅम दाबली. बस्स."

प्रबंधाच्या ऋणनिर्देशात मार्गदर्शकांच्या खालोखाल नसरीनभाभींचं नाव आहे. माझं त्याच्याही खाली. आहे, हेच पुष्कळ.