मासळी सोडली तेव्हापासून

मी, सौ. विनिता धनेश तरे, वय ४४ वर्षे, शिक्षण दहावी पास, काम घरकाम, रा. पूर्णा, ता. भिवंडी, जि. ठाणे. पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की,

वरील ठिकाणी मी, पती धनेश, सासू कमळ व मुलगी मृणाली राहतो. पती काल्हेरला गोदामात सुपरवायझर आहेत.

गणपतीनंतर पतींनी मासळी सोडली. आमच्यात पुरुषाने खाडीची मासळी सोडली की तो माळ घालणार असे धरतात. ते पहाटे उठून देव्हाऱ्यासमोर गप्प बसत. मला बरे वाटले. मी देवाला नारळ दिला व तुळशीची माळ मीच आणून त्यांच्या गळ्यात घातली. ते नको म्हणाले नाहीत. पुढे ताटात जेवणही राहू लागले. तो मी उपास समजले.

मागील रविवारी त्यांनी आपले जाळे दीर देवेश यास देऊन टाकले. देवेश म्हणाला, "दादा, हिमालयात चाललास का?" पती म्हणाले, "मना आता त्याचं काय काम न्हाय." आम्ही हसलो. मृणाली हसली नाही. ती मला आत म्हणाली, "आई, बाबा देवासमोर बसतात, पण हात जोडत नाहीत. बघितलंस का कधी?"

दुसऱ्या दिवशी मी बघितले. जोडत नव्हते. विचारले तेव्हा म्हणाले, "झोप लागत न्हाय म्हणून बसतो. मी नसलो तर तुम्हाला बरं पडंल."

मृणालीने ठाण्याला मानसोपचाराच्या डॉक्टरांची आजची वेळ घेतली. पती तयार होते. सकाळी सासू म्हणाल्या, "माझा पोर काय येडा हाय?" ते पतींनी ऐकले. मी साडी बदलून बाहेर आले तर पती घरात नव्हते. मोबाईल व चपला घरीच आहेत.

अंगावर निळा शर्ट, काळी पँट, गळ्यात तुळशीची माळ. घरात भांडण नाही. देवेश व गावातील माणसे त्यांना शोधायला खाडीकडे गेली आहेत.

पती आजारी आहेत. सापडल्यास त्यांना कोणी ओरडू नये, एकटे सोडू नये. डॉक्टर थांबतो म्हणाले आहेत. पतींना घरी न आणता थेट तिकडे न्यायचे आहे. त्यासाठी रिक्षा पोलीस ठाण्याबाहेर मीटर चालू ठेवून उभी केली आहे.

जबाब मला वाचून दाखवला. त्यात 'डोक्यावर परिणाम' असे लिहिले होते, ते माझ्या सांगण्यावरून खोडून 'आजारी' केले. बाकी माझ्या सांगण्याप्रमाणे आहे.

सही/- विनिता धनेश तरे