कॅप्टन घरी पोचला

खोटेपणा दिसला की मी भांडतोच, तुम्हाला माहीत आहे. पण केजच्या व्हिडिओ हॉलमध्ये माझी बोलतीच बंद झाली, ते ऐका.

तेव्हा गावात केबल नुकती येत होती आणि मी औरंगाबादला कॉलेजात होतो. अंतराळात भरकटलेल्या जहाजाची एक जुनी इंग्रजी मालिका मी हॉस्टेलवर कॅसेटींवर पूर्ण पाहिली होती. ती मध्येच बंद पडली, त्यामुळे तिचा कॅप्टन शेवटपर्यंत घरी पोचत नाही.

दसऱ्याला केजला घरी आलो, तर शब्बीरभाईंच्या हॉलात तिचाच शेवटचा भाग लागलेला. ऊसतोडीला निघालेली माणसं दाटीवाटीनं बसली होती. शेवटी बघतो तर कॅप्टन आईच्या हातचं जेवतोय. मी हादरलोच. हा पहिल्या भागातला, घरून निघतानाचा प्रसंग होता.

"भाई, हे तुम्ही जोडलंत?"

"जोडलं की. ही माणसं उद्या कारखान्यावर जातेत, उन्हाळ्याबिगर येत न्हाईत. जो तो इचारतो, पोचला का म्हणून."

"म्हणून फसवायचं?"

मी तडक टीव्हीसमोर उभा राहिलो आणि सगळ्यांना सांगितलं, की हे खोटं आहे, कॅप्टन अजून अंतराळातच आहे.

पुढे बसलेल्या एका मावशीनं मला खालीवर न्याहाळलं.

"लेकरा, त्यानं तुझं काय घोडं मारलंय? जेवू दे की त्याला."