अक्कांच्या कार्डावरची पहिली ओळ

मंगलताई, डॉक्टर मंडळी, पाड्यांवरून आलेले भाऊ आणि बाया,

अक्कांच्या शोकसभेसाठी धुळ्याला येताना बसमध्ये चार ओळी लिहिल्या होत्या. तुम्हा सगळ्यांसमोर त्या वाचवत नाहीत. खिशातच राहू देतो.

सिंधूअक्का सातपुड्याच्या पायथ्याच्या दवाखान्यात नर्स होत्या. रुग्णानं सांगितलेलं दुखणं त्या त्याच्याच बोलीत कार्डाच्या पहिल्या ओळीत लिहायच्या. खाली डॉक्टरांनी दिलेलं नाव. ते नाव पुढे बदललं, तरी पहिली ओळ खोडायची नाही.

बाहेरून येणाऱ्या नर्सना रुग्णांचं बोलणं कळावं, म्हणून डॉक्टरांचे, वैद्यांचे आणि अक्कांच्या कार्डांवरचे शब्द एकत्र करून कोश छापायचं ठरलं. मी जळगावच्या पेपरात उपसंपादक. काम माझ्याकडे आलं. पानं ठरलेली, तारीख ठरलेली. मी काय केलं? जे सारखं वाटलं, ते एका नावाखाली घातलं. हाडांची सगळी गाऱ्हाणी 'सांधेदुखी'त. अक्कांच्या ओळी गेल्या.

प्रुफं पाहून अक्का म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही पेपरवाले. बाईनं तोंड उघडायच्या आत मथळा देता."

मी हसलो. "अक्का, अर्थ तोच आहे ना?"

"तो तुम्ही ठरवला."

तरी मी छापलं.

पुढे अक्कांची बदली झाली. दवाखान्यात एक मुलगी आली. म्हणाली, "हाडे फुटतस, डोया पिवया व्हतस." नव्या नर्सनं कोश उघडला आणि कार्डावर लिहिलं, सांधेदुखी. डोळे पिवळे होतात, ते राहूनच गेलं. वर्षभर ती मुलगी मलम चोळत राहिली. अक्का परतल्या, त्यांनी तिला पुन्हा सगळं सांगायला लावलं. तिच्या मावशीच्या जुन्या कार्डावर तेच बोलणं होतं. रक्त तपासलं. सिकलसेल निघाला, घराण्यातून रक्तात येणारा आजार. ती मुलगी आज इथे बसली आहे. तिच्याकडे बघायला मला जड जातं.

अक्का रागावल्या नाहीत. "दुसऱ्या आवृत्तीत ओळी परत घाला," एवढंच म्हणाल्या. मी हो म्हणालो. दर दिवाळीला हो म्हणालो. पेपरात एकही मजकूर कधी उशिरा दिला नाही मी. हाच राहिला.

परवा दुसऱ्या आवृत्तीची प्रुफं आली. माझीच जुनी यादी. मी छपाई थांबवली आहे. मंगलताई, अक्कांनी, तुमच्या आईनं, घरी जपलेली कार्डं मला द्याल का? घरी नेणार नाही. तुमच्या ओट्यावर बसून उतरवून घेईन. तुम्ही नाही म्हणालात, तरी मला बोलायला तोंड नाही.

रुग्णाचं सांगून होईपर्यंत अक्का मधे बोलत नसत. आता दोन मिनिटं उभे राहू. मधे कुणी काही बोलू नये.