दोन सीटांची गाडी विकणे आहे

…आणि वर मलाच विचारतात, 'डॉक्टर, का विकताय?' अरे, का म्हणजे? विकायची आहे म्हणून विकतोय. तुम्हाला सांगतो, नैरोबीत माणसाला स्वतःची गाडी विकायची चोरी झालीय. शेजारच्या न्याबोकेबाई कुंपणावरून मान वर काढून विचारतात, चर्चमधले पास्टर प्रार्थना अर्धी ठेवून विचारतात, आणि फाटकावरचा वॉचमन, ज्याला मी अकरा वर्षं रोज सकाळी हात करतोय, तोही जवळ येऊन, आवाज खाली आणून, 'काही अडचण आहे का डॉक्टर? घरी बोलू का कुणाशी?' घरी कुणाशी बोलणार आहेस बाबा, घरी मीच आहे. इथे माणूस गाडी विकतो म्हणजे एक तर तो बुडाला, नाहीतर अंथरुणाला खिळला, नाहीतर कायमचा परदेशी चालला. चाळीस वर्षं लोकांच्या दाढा काढल्या मी, का काढताय म्हणून कुणी विचारलं नाही. विकायचीच आहे हो मला.

आता गाडी कशी, ते ऐका. जर्मन. लाल. दारं दोन, सीटा दोन, छप्पर बटणावर उघडणारं. निवृत्त झालो त्या वर्षी घेतली, वय बासष्ट, गुडघे ऐंशीचे, आणि हिच्यात बसायचं म्हणजे आधी जमिनीवर बसल्यासारखं बसायचं आणि मग एकेक पाय आत ओढायचा. गत्विरी, माझी बायको, पहिल्या दिवशी बसली आणि म्हणाली, 'म्बाबू,' नावानेच हाक मारायची मला, 'ही गाडी नाही, ही चटई आहे.'

पण खरी गंमत आमच्या गल्लीच्या तोंडाशी. तिथे एक गतिरोधक आहे. गतिरोधक कसला, कुणीतरी बैल पुरून वर डांबर ओतलंय. सरळ नेली की गाडीचं पोट घासतं आणि आवाज असा येतो की मला दवाखान्यातले दिवस आठवतात. त्यावर गत्विरीचा उपाय होता. ती उतरायची, गाडी हलकी करायला म्हणून, चालत पलीकडे जायची, अंगावर रविवारचे चांगले कपडे, डोक्याला रुमाल, आणि भर रस्त्यात उभी राहून दोन्ही हातांनी, 'ये… ये… डावीकडे घे… तुझं डावं रे, माझं नाही… ये…' मागे मटाटू, म्हणजे आमच्या इथल्या खच्चून भरलेल्या मिनीबस, बोंबलतायत, ड्रायव्हर शिव्या देतायत, आणि ही ढिम्म. गाडी अलगद उतरली की मग येऊन शेजारी बसायची. सहा वर्षं चाललं असं. तिला जाऊन आता दोन वर्षं झाली. मध्ये एकदा काढली होती मी गाडी, एकट्याने, गतिरोधकापर्यंत गेलो आणि थांबलो. थांबलोच. मागचे हॉर्न वाजवून दमले. मग रिव्हर्स घेतला आणि घरी आलो. बस, एवढंच. यात का विकताय काय विचारायचं?

मुलगी केंडी कॅनडात असते, दर रविवारी फोन करते. 'बाबा, उभ्या उभ्या सडेल ती. विकून टाका. पण पद्धत नीट निवडा, घाई करू नका.' आता पद्धती म्हणाल तर चार, आणि चारही डोकं फिरवणाऱ्या. शोरूमवाला घरी आला, त्याने गाडीकडे बघितलंच नाही, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, 'आत्ता द्या, आत्ता पैसे घ्या,' निम्म्या किमतीत. मग गोंग रोडवरचं ते मैदान, जिथे शंभर गाड्या उन्हात उभ्या असतात, विकली तर त्यांचं कमिशन, नाही विकली तर तुमचं नशीब. ट्रकवर चढवून पाठवली तिकडे, हो, गतिरोधक आहे ना. तिसऱ्या दिवशी बघायला गेलो तर कोणीतरी बॉनेटवर बसून मक्याचं कणीस खात होता. तसाच ट्रक बोलावला आणि परत आणली.

मग ओत्वोरी. ओत्वोरी म्हणजे दलाल, सगळ्या शहराचा धाकटा भाऊ. 'डॉक्टर, तुम्ही स्वस्थ बसा, मी गुपचूप विकतो, तुमच्या घरी चिटपाखरू फिरकणार नाही.' अरे, चिटपाखरू तर दोन वर्षं फिरकतच नाहीये, त्याचं याला आणखी कमिशन कशाला देऊ? म्हटलं, नको, आपली आपण जाहिरात देऊ इंटरनेटवर. 'दोन सीटांची गाडी विकणे आहे. एकाच डॉक्टरने वापरलेली. शनिवारी घरी येऊन बघावी.'

आणि आले हो लोक. आमच्याकडे गाडी बघायला कुणी एकटं येतच नाही. मुलगी मागायला जातात तसे घोळक्याने येतात. गिऱ्हाईक एक, त्याचा मेकॅनिक, त्याचा मेव्हणा, मेव्हण्याचा मित्र, ज्याच्या चुलत्याकडे म्हणे अशीच गाडी होती, आणि एक वयस्कर मामा, ज्यांचं काम फक्त शेवटी 'जास्त आहे' म्हणायचं. पाच जण, आणि गाडीत सीटा दोन. मेकॅनिक बॉनेट उघडतो, आत बघतो, 'च्च' करतो, 'इंजिन उघडलेलं दिसतंय.' अरे, मीही चाळीस वर्षं लोकांच्या तोंडात बघून 'च्च' करायचो, काही दिसलं नाही तरी. मामा म्हणतात, 'माझे गुडघे यात मावणार नाहीत.' मामा, तुम्हाला कोण देतंय? मग चहा. पहिल्या शनिवारी नुसता चहा, दुसऱ्या शनिवारी चहाबरोबर तळलेल्या मंडाझी, तिसऱ्यापासून मी चपात्या लाटायला लागलो, बकऱ्याचा रस्सा करायला लागलो, आणि मंडळी दुपारपर्यंत बसलेली, मामा गत्विरीच्या खुर्चीत डुलक्या काढतायत, मेव्हणा तोंड वासून मला दाढ दाखवतोय. न्याबोकेबाई कुंपणावरून, 'डॉक्टर, कार्य आहे का घरात?' म्हटलं, नाही हो, गाडी विकतोय. विकायचीच आहे मला.

मग एका शनिवारी एक जण खरंच घ्यायला निघाला. त्याचे मामा 'जास्त आहे' म्हणाले, मी नाही म्हटलं, आता ते थोडं चढणार, मी थोडा उतरणार, आणि हातात हात दिला की संपलं. आज गाडी गेली तर पुढच्या शनिवारी या घरात कोण येणार? तोंडातून निघून गेलं, 'दुसरं एक गिऱ्हाईक आहे, त्याने जास्त सांगितलंय.' धडधडीत खोटं. ते बिचारे जेवून गेले आणि मी त्याच संध्याकाळी जाहिरातीतली किंमत दुप्पट केली. डोकं बघा माझं. म्हटलं, या शहरात सांगितलेल्या भावाने कुणी टोमॅटो घेत नाही, गाडी काय घेणार? लोक येतील, घासाघीस करतील, जेवतील, जातील. जन्मभर पुरेल अशी व्यवस्था केली की नाही? वर तोंड करून सगळ्यांना सांगायला मोकळा, विकायचीच आहे हो मला.

पुढच्या शनिवारी एक मुलगी आली. म्बिथे नाव. मी तिच्या मागे बघतोय, म्हटलं बाकीचे गाडी लावून येत असतील. कोणी नाही. गाडीभोवती एक चक्कर मारली, बटण दाबून छप्पर उघडलं, मिटलं, आणि म्हणाली, 'घेते.' म्हटलं, काय? 'घेते. जाहिरातीतल्या किमतीला.' अहो, जास्त आहे ती… हे मी म्हणतोय, मी, मालक. 'जास्त आहे बाई, मेकॅनिकला आण, मामांना आण, इंजिन उघडलेलं दिसतंय.' ती हसली. 'काका, मी सगळं बघून आलेय.' बरं, चहा? 'नको, घाईत आहे.' चपाती? बारा लाटल्यात. 'नको, खरंच.' अकरा मिनिटांत फोनवरून पैसे आले, मालकीचं लॉगबुक तिच्या हातात, किल्ली तिच्या हातात. का विकताय, हेसुद्धा विचारलं नाही. सगळं शहर विचारत होतं तेव्हा मी चिडत होतो, आणि हिला सांगायला तयार होतो हो मी.

गाडी निघाली, मी आपला मागे मागे, आणि गतिरोधकापाशी ती थांबली. मुलगी खिडकीतून मान काढून बघतेय. माझे पाय निघालेच. पलीकडे जाऊन उभा राहिलो, दोन्ही हात वर, 'ये… ये… डावीकडे घे… तुझं डावं, माझं नाही… ये…' मागे मटाटू बोंबलतायत. कुठे घासली नाही, अलगद उतरली. आणि मी काय करावं? सरळ चालत गेलो आणि शेजारच्या दाराला हात घातला. बसायला. मुलगी म्हणाली, 'थँक्यू काका,' आणि गेली. मी रस्त्याच्या मधोमध, पायात घरातल्या सपाता. इतकं एकटं मला गत्विरी गेली त्या दिवशीही वाटलं नव्हतं, त्या दिवशी निदान घर भरलेलं होतं.

केंडी फोनवर खूश. 'बाबा, दुप्पट किंमत म्हणजे काय! सगळ्यात चांगली पद्धत तुम्हालाच सापडली.' सापडली बाई. पुढच्या शनिवारी सकाळी पाच जणांची कणीक मळून झाली आणि मग मला आठवलं.

आता शनिवारी मीच जातो, लोकांच्या गाड्या बघायला. परवा एका बाईंकडे गेलो. बॉनेट उघडलं, आत बघितलं, 'च्च' केलं. बाई हाताची घडी घालून दारात उभ्या, माझ्या मागे रस्त्याकडे बघत म्हणाल्या, 'बाकीचे कुठायत?' म्हटलं, बाकीचे नाहीत. 'एकटेच आलात?' म्हटलं, एकटाच. बाईंनी बॉनेट लावून टाकलं. 'मग तुम्हाला गाडी घ्यायची नाहीये, बाबा.' दोन वर्षांत माझं इतकं अचूक निदान कुणी केलं नव्हतं.