काचेपासून वीतभर लांब

मंडळी, कामं टाकून तुम्ही सगळे आलात. मला बोलायला उभं केलंत, पण काय बोलावं तेच कळत न्हाय. मी खिडक्या बसवणारा माणूस. जनूकाका गेले, आणि माझ्या डोक्यात नुसता गोंधळ हाय.

काका समुद्राकडच्या बंगल्याची राखण करायचे. तिथली ती मोठी काच मी बसवली. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला बोलावून घेतलं. ओंजळीत मेलेला बुलबुल. "बघ तुझं काम." मी म्हटलं, काका, पाखरूच आंधळं, त्याला मी काय करू? तर म्हणाले, "आंधळं न्हाय रं. त्याला काचेत आपली वाडीच दिसते. ते घरी चाललंय."

मी हसलो. ससाण्याचं एक स्टिकर आणून मधोमध चिकटवलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या शेजारीच खंड्या आपटला. मग काका बाहेरून चुन्याचे ठिपके द्यायला लागले, दोन-दोन बोटांवर एक. पाखरं आपटायची थांबली. पावसात चुना धुऊन गेला, की पुन्हा सुरू. शेवटी त्यांनी घरचं जुनं मासळीचं जाळं सांधलं. बंगल्याच्या शेठची परवानगी काढली. मला म्हणाले, "काचेपासून वीतभर लांब, जाळं ताठ राहील अशी चौकट तेवढी करून दे." मी म्हटलं, उद्या. असे किती उद्या गेले, मंडळी?

काका तापानं गेले. दहाव्याला खाडीवर आपण सगळेच होतो. कावळा पिंडाला शिवेना. मुलगा म्हणाला, आईला सांभाळीन. शिवेना. भाऊ म्हणाला, होडी विकणार न्हाय. तरी शिवेना. काय राहिलंय ते मला ठाऊक होतं. मग मी तोंड का उघडलं न्हाय? लाज वाटली? भीती वाटली? अजून कळत न्हाय. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. मी असलं काही मानत न्हाय. मग तिथं पाण्यात उभा असताना मला घाम का फुटला?

काकू, जाळं अजून पडवीत खुंटीला हाय, मघाशी बघितलं. चौकट मी आज सकाळी केली. काकांना आता तिचा काय उपयोग? तेही कळत न्हाय. पण पाखरं अजून घरी चाललीत. म्हणून उद्या... न्हाय, उद्या नको. इथून उठलो की, उजेड हाय तोवर, शिडी धरायला कुणीतरी दोघं या.

आता जरा उभे राहूया. कुणी बोलू नका. बाहेर पाखरं ओरडतील, त्यांना ओरडू द्या.

काका, चौकट झाली.