सात नंबरच्या नमुन्याबद्दल

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील पाहुणे, आजच्या सत्कारमूर्ती मॅडम, त्यांचे यजमान, प्रयोगशाळेतली आणि ऑपरेशन थिएटरातली सगळी मंडळी, आणि चहा गार होईल या काळजीत बसलेले श्रोतेहो,

मी मूत्ररोगाचा सर्जन. मॅडम निवृत्त होताहेत म्हणून चार शब्द बोलायला मला सांगितलं होतं. ते लिहूनही आणले होते. पण मघाशी अध्यक्षांनी मानपत्र वाचलं, त्यात ‘मूत्रमार्गातील नव्या प्रकारच्या पेशीचा शोध’ असे शब्द आले आणि माझा पार गोंधळ उडाला. आता कागद खिशातच राहू दे.

ज्यांना हे काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लघवीची नळी म्हणजे नुसती नळी, असं मी तीस वर्षं समजत होतो. मॅडमनी तिचे तुकडे घेतले, पेशी एकमेकींपासून सुट्या केल्या, एकेक पेशी वेगळ्या थेंबात ठेवली आणि तिच्यात कोणती जनुकं कामाला लागली आहेत ते वाचलं. सारख्या पेशी संगणकावर शेजारीशेजारी ठिपके होऊन बसतात. नकाशाच तो. अस्तर धरणाऱ्यांची वस्ती वेगळी, चिकट स्राव करणाऱ्यांची वेगळी. बारा पुरुषांचे तुकडे होते. नावं नाहीत, फक्त नंबर.

त्यात एक हिरवा पुंजका आला. कोणाला ओळखू येईना, आणि त्यातले जवळजवळ सगळे ठिपके एकट्या सात नंबरचे. विद्यार्थिनी म्हणाल्या, हा तुकडा खराब आहे, काढून टाकू. तेव्हा मी टेबलावर हात आपटला होता, आठवतंय? “सात नंबर काढायचा नाही, निरोगी माणूस आहे तो.” मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, “डॉक्टर, तुम्ही एवढे का चिडताय?” मी म्हणालो, “तत्त्वाचा प्रश्न आहे.”

तत्त्व कसलं डोंबलाचं. सात नंबर मी आहे.

दोन वर्षांपूर्वी माझं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं, तेव्हा तुकडा मीच देऊ केला. फॉर्मात प्रश्न होता, पूर्वी कधी या जागी मार लागला होता का? सात नंबरचा तो फॉर्म भरून घेत होती माझ्याच वॉर्डातली सिस्टर. मी म्हणालो, नाही. हीच गोष्ट लपवणाऱ्या रोग्यांना मी आयुष्यभर फैलावर घेतलंय बरं का. खरं असं, की लहानपणी मी थोरल्या भावाच्या सायकलच्या दांड्यावर आपटलो, लघवी तुंबली आणि तीन आठवडे नळी घालून पडून होतो. तिसऱ्या रांगेत आमच्या सौभाग्यवती बसल्या आहेत. त्यांनाही हे आत्ताच कळतंय, तेव्हा घरी गेल्यावर माझं काही खरं नाही.

मानपत्र ऐकेपर्यंत मी म्हणत होतो, ठिपक्यांचं काय ते ठिपकेवाले बघतील. पण तो हिरवा पुंजका म्हणजे नवी पेशी आहे, की माझी जुनी जखम? मला माहीत नाही, खरंच माहीत नाही. या शोधाचा लेख परवा छापायला जाणार. बोललो तर मॅडमच्या शेवटच्या कामावर निरोपाच्याच दिवशी पाणी फिरतं. नाही बोललो तर उद्या कोणीतरी ती पेशी निरोगी माणसांत शोधत बसेल. मी इथे सहकारी म्हणून उभा आहे की नमुना म्हणून, हेही आता कळेनासं झालंय. मॅडम, तुमच्या हातातली फुलं अजून खाली ठेवलेली नाहीत आणि मी हे बोलतोय. मला फार लाज वाटते आहे.

एक मिनिट हं. मॅडमनी चिठ्ठी पाठवली आहे. अध्यक्ष, वाचू का? चिठ्ठी कसली, मानपत्राच्याच पाठीवर लिहिलंय. “पडलात तेव्हा वय काय? नळी रबरी होती का? बाकी अकरा जणांनाही पुन्हा विचारायला हवं. लेख थांबवते.”

वय दहा, मॅडम. रबरी.

आपण सगळ्यांनी हे निमूटपणे ऐकून घेतलंत, मी मनापासून आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. फॉर्मातलं मात्र घालू नका, ते खोडून नीट लिहा.